आभाराचं चालू खातं

मराठी माणूस आभार मानत नाही, आभार‘प्रदर्शन’ करतो. सभा संपत आलेली असते, मागच्या रांगा चपला शोधू लागलेल्या असतात, आणि ज्याला अध्यक्षही करता आलं नाही, सूत्रसंचालकही करता आलं नाही, असा एक सभासद खिशातून चार घड्यांचा कागद काढतो. हॉलवाले, मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, बटाटेवडेवाले अशी यादी वाचून झाली की तो म्हणतो, “ही तर सारी आपलीच माणसं. त्यांचे आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही!” म्हणजे मग इतका वेळ उभं राहून त्यानं काय केलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पण त्या एका वाक्यात आपलं सगळं तत्त्वज्ञान भरलेलं आहे. आभार मानले की माणूस परका होतो. याला कुणी उद्धटपणा म्हणो. मी हिशेब म्हणतो. आणि बी.कॉम. होऊन बँकेत कारकुनी करीत असल्यामुळे हिशेबावर चार शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे.

चाळीत शेजारच्या काकूंनी वाटीभर अळूचं फदफदं पाठवलं, तर त्यांना “थँक्यू काकू” म्हणणारं कार्टं शिष्ट ठरायचं. नियम एकच, वाटी रिकामी परत जायची नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर. अशी ती वाटी वर्षानुवर्षं फिरायची. कुणाची शिल्लक कुणाकडे, हे कुणी बघायचं नाही, कारण बघितलं की खातं बंद करावं लागतं. थँक्यू म्हणजे रोखीचा व्यवहार: तुम्ही दिलंत, मी चुकतं केलं, पावती फाडली, चला! वाटी म्हणजे चालू खातं. गोव्यात ‘देव बरें करूं’ म्हणतात, ती तर थेट हुंडीच. माल मी घेतला, पैसे देवानं चुकवायचे.

अडचण आहे ती आमच्या सीबीडी बेलापूरसारख्या गावाची. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि तिनं शेतांवर, मिठागरांवर आणि खाडीकाठच्या जमिनीवर सेक्टर आखले. गावाच्या नावातच सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट. इथे कोकण भवन, सिडको भवन, कोकण रेल्वेचं मुख्यालय, रिझर्व्ह बँकेची कचेरी आणि महापालिकेची ती घुमटवाली इमारत. सकाळी स्टेशनातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस कुणाचं ना कुणाचं काम करायला निघालेला असतो, निदान तसा पगार घेत असतो. सेक्टर आठमधल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात एकेका अंगणाभोवती सात-सात घरं बांधली. वाटी फिरावी अशीच ती रचना. बाकी गावात मात्र लिफ्ट फिरते. तिथे रोज ज्यांच्याशी संबंध येतो तो बसचा कंडक्टर, गॅसचा सिलिंडर खांद्यावरून आणणारा, खिडकीपलीकडला कारकून, यांच्याकडे वाटी पाठवायची कशी? आणि खातं उघडता येत नसेल तर रोख तरी द्यायला नको का?

“त्याचं कामच आहे ते, पगार घेतो!” हे उत्तर मला रोज ऐकू येतं, कारण खिडकीपलीकडचा तो मीच असतो. या उत्तराला मोठमोठ्यांचा आधार देतात. खाटीक, पाववाले यांच्या भलेपणामुळे नव्हे, तर त्यांना आपापलं हित कळतं म्हणून आपल्याला जेवण मिळतं, हे ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये सांगून ठेवलं आणि आम्ही ते पाठ करून पास झालो. त्याच स्मिथनं आधी १७५९ मध्ये मनुष्याच्या नैतिक भावनांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात कृतज्ञतेवर पानंच्या पानं आहेत. ते परीक्षेला नव्हतं. दुसरा आधार गीतेचा. फळाची अपेक्षा न धरता काम करावं म्हणे! कबूल. पण भगवंतांनी हे काम करणाऱ्याला सांगितलं आहे. फळ देऊ नकोस, असं गिऱ्हाइकाला सांगितल्याचं अठरा अध्यायांत कुठे आढळत नाही.

आता पगार कशाचा मिळतो ते पाहा. आमच्या कॅशियरला नोटा मोजायचा पगार मिळतो. संध्याकाळी रोकड कमी भरली तर फरक त्यानं खिशातून भरायचा आणि जास्त भरली तर ती बँकेची. वर्षाकाठी तो हजारो वेळा बरोबर मोजतो, त्याची बातमी होत नाही. एकदा चुकला की साऱ्या शाखेत गलका. म्हणजे काम नीट झालं की माणूस दिसेनासा होतो आणि चुकलं की दिसू लागतो! खंडेनवमीला आम्ही नोटा मोजण्याच्या यंत्राला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू वाहतो. यंत्राशेजारी बसलेल्याला पेढा मिळतो, तोही त्यानंच दिलेल्या वर्गणीतला. आणि बाहेरचं एटीएम मात्र आपलेच पैसे आपल्याला देऊन वर ‘धन्यवाद’ म्हणतं. गावात सर्वांत सभ्य तेच.

आमचे पेन्शनर मंडळी थँक्यू म्हणत नाहीत, हेही सांगायला हवं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येतात, सही करतात, चष्मा डबीत ठेवतात आणि म्हणतात, “बराय, येतो.” त्या ‘येतो’त सगळं आलं, पुढच्या नोव्हेंबरासकट.

घाऊक आभार मानणं मात्र आपल्याला छान जमतं. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता साऱ्या देशानं गॅलरीत उभं राहून टाळ्या-थाळ्या वाजवल्या, ते अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. आमच्या इमारतीत तर एकानं कुकरचं झाकण वाजवून चेपवलं. चौथ्या मजल्यावरून आभार मानायला काहीच पडत नाही. जिन्यात समोरासमोर गाठ पडली की जीभ टाळ्याला चिकटते.

आणि इथे त्या वाटीबद्दलही एक गोष्ट बोलली पाहिजे. चाळीची आठवण काढून आपण गहिवरतो खरे, पण वाटी सगळ्याच दारांत जात नव्हती. संडास साफ करणाऱ्याच्या घरी ती कधी गेली नाही. त्याचा कप खिडकीत वेगळा पालथा घातलेला असे, आणि काही घरांत तो अजून आहे. गावगाड्यात बलुतेदाराला सुगीला धान्य मिळे, खातं चालू असे, पण ओट्याची पायरी चढायची नाही. आपलेपणा मोठा गोड खरा. तो कुणाकुणाला वाढायचा, हे मात्र आधीच ठरलेलं असायचं. थँक्यू कोरडा असेल, परका असेल, पण रोख पैशासारखा आहे. नोटेला जात नसते.

नवी मुंबईला २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरा क्रमांक मिळाला. फलक लागले, त्यांवर फोटो छापले. आमच्या सोसायटीच्या नव्या सेक्रेटरींना वाटलं, की ओला आणि सुका कचरा रोज दोन डब्यांतून खाली नेणाऱ्या मावशींना प्रत्येकानं थँक्यू म्हणावं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दारात उभं राहून, जरा जास्तच स्पष्ट आवाजात ते म्हटलं. मावशींनी डबा खाली ठेवला.

“का वो साहेब? उद्यापास्नं दुसरी बाई लावली का?”

त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे कामाबद्दल आभार मानतात ते शाल-श्रीफळ देऊन, निवृत्तीच्या दिवशी. साहेबांना समजूत घालायला दहा मिनिटं लागली. तरी महिनाअखेरीस पगार हातात पडेपर्यंत मावशींच्या मनातला संशय काही गेला नव्हता.

आता त्यांना सवय झाली आहे. परवा साहेबांनी पुन्हा थँक्यू म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या वो. तेवढी काच येगळी बांधून ठिवाल का? परवा हात कापला.”