फजिती आणि गुन्हा

प्रवासातल्या फजितीवर हसायला पोट भरलेलं असावं लागतं. मराठीत सहलींच्या फजित्या रग्गड लिहिल्या गेल्या. गाडी चुकली, डबा घरी राहिला, स्टेशनवर न्यायला कुणी आलंच नाही. लिहिणारा हसतो, वाचणारा हसतो. मी विचारतो, हे हसू येतं कुठून? ते भरवशातून येतं. गाडी चुकली तरी कुणीतरी बाकावर सरकून जागा देईल, तांब्याभर पाणी देईल, हा भरवसा. जग आपल्या बाजूचं असताना झालेली गडबड म्हणजे फजिती.

आता दुसरी सहल बघा. साल १९०१. बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे, आई वारलेली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार; तिथं दुष्काळी कामावर तलाव खोदणं चाललेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीला त्यांनी साताऱ्याहून पोरांना बोलावलं. भाऊ, भाचे, नवे सदरे, चकचकीत टोप्या, नवे जोडे. आगगाडी कुणीच पाहिली नव्हती. संध्याकाळी मसूरला उतरले तर न्यायला कुणी नाही. येतोय म्हणून पाठवलेलं पत्र नोकरानं वडिलांना दिलंच नव्हतं.

इथवर फजितीच. पुढं काय झालं ते बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त लिहून ठेवलंय. स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करतो, जात कळते, तोंड बदलतं. बैलगाडीवाले नाही म्हणतात. शेवटी एक तयार होतो : दुप्पट भाडं, गाडी पोरांनी हाकायची, तो बाजूनं चालणार. रात्री टोलनाक्यावर मुसलमान आहोत म्हणून सांगितलं, तरी पाणी नाही. डबा भरलेला, आणि पोरं उपाशी झोपली.

दोष कुणाचा? पत्र न देणाऱ्या नोकराचा? हलगर्जीपणा माणसाकडून होतो, माफही करता येतो. पण त्यानं पोरांना फक्त ताटकळत ठेवलं. तहानलेलं ठेवलं ते शुद्धीवर असलेल्या माणसांनी, विचार करून.

कुणी म्हणेल, गाडीवाला बिचारा गरीब, रूढीचा बांधलेला. मान्य, गरीब असेल. पण दुप्पट पैसे घेताना रूढी आडवी आली नाही. पोरांच्या पैशाला विटाळ नव्हता! ज्याला फायद्यासाठी नियम वाकवता येतो, त्याला दयेसाठीही वाकवता आला असता. म्हणून 'रूढी' हे उत्तर मला पटत नाही. आमची म्हातारी माणसं म्हणतात 'नशीब', ते तर मुळीच नाही.

१९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यानं बॅरिस्टर आंबेडकरांना न्यायला नकार दिला. पाहुण्याला पायी कसं न्यायचं म्हणून वस्तीतल्या माणसानं टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. तिथं हजर कोण होतं? घोडा आणि एक प्रेमळ, अडाणी हात. जबाबदार माणूस जागेवर नव्हताच. तो नकार देऊन मोकळा झाला होता.

आम्ही गिरणीत काम करणारे हे ओळखतो. मागावरचा धोटा उडून डोळा जातो, कागदावर 'अपघात' असं येतं. धोट्यापुढची जाळी कुणी बसवली नाही, ते कागदावर येत नाही. जो शब्द माणसाला लपवतो, तो शब्द तपासून घ्यावा.

आजही अनोळखी गावात पाणी मागताना आडनाव गिळणारी माणसं आहेत. दोस्तहो, पोरांना प्रवासाला पाठवताना एवढं सांगा : गाडी चुकली तर खुशाल हसा. पण पाणी नाकारलं तर ते हसण्यावारी नेऊ नका. नाकारणाऱ्याचं नाव विचारा. तारीख लिहा, जागा लिहा. फजिती विसरली तरी चालते, गुन्ह्याची नोंद हवी.