रोखीचे बाहेर, उधारीचे गल्लीत

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. 1917 साली नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या या गोल बाजारात सोन्यापासून चपलेपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत सगळ्याची उलाढाल होते. बाजाराचे मोठेपण आपण या उलाढालीवरून ठरवतो. ती मोजताना एक प्रश्न मात्र राहून जातो: आलेल्या पैशातला गावात थांबतो किती?

‘आपल्याच माणसाच्या दुकानातून घ्या’ असे आवाहन दर दिवाळीला मोबाइलवर फिरते. त्यामागचा हिशेब खोटा नाही. शिकागोच्या अँडरसनव्हिल भागात 2004 साली एक अभ्यास झाला. स्थानिक मालकाच्या दुकानात खर्चलेल्या 100 डॉलरपैकी 68 डॉलर शहराच्या अर्थकारणात राहतात, साखळी दुकानात खर्चलेल्यांपैकी 43, असे त्यातून निघाले. हा आकडा उचलून नांदेडच्या वजिराबादेत आणणे मात्र फसवे ठरेल. गल्लीतला किराणा दुकानदार साबण विकतो तो कुठल्या तरी बड्या कंपनीचा, बिस्किटे आणि चहाची पुडीही तशीच. त्याच्या गल्ल्यात उरतो तो तुटपुंजा नफा. बाकीची रक्कम वितरकाच्या हातून केव्हाच मुंबईकडे निघालेली असते. मालक आपल्या गल्लीतला असला म्हणून माल आपला होत नाही.

तुरीचे गणित वेगळे आहे. लातूरच्या बाजार समितीत आलेली तूर शहरातल्याच डाळ मिलमध्ये गेली, तर तिच्यावर किती घरे चालतात पाहा. उतरवणारा हमाल, तोलणारा मापाडी, आडतीवरचा मुनीम, मिलमधला फिटर, तूर वाळवणाऱ्या आणि निवडणाऱ्या बाया, बारदानवाला, ट्रकवाला. डाळ निघाल्यावर उरलेली चुनी आणि टरफल जनावरांच्या पुढ्यात पडते. हीच तूर कच्ची बाहेर गेली, तर हमालीपुढे फारसे काही गावात राहत नाही. बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या बरोबरीने पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीरही यादीत आली. मानांकनाने नाव राखले जाईल. प्रक्रिया जिल्ह्यात झाली तरच त्या नावाचे पैसे जिल्ह्यात होतील.

तरीही व्यापाऱ्याची आरती ओवाळायचे कारण नाही. रुमालाखाली बोटे दाबून ठरलेले भाव आणि मापातली मारामारी मराठवाड्याच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या सोसली. 1963 चा बाजार समिती कायदा उगाच आला नाही, आणि त्या कायद्यानेही सगळे सुतासारखे सरळ केले असे कोणी म्हणणार नाही. मे 2021 मध्ये केंद्राने तुरीची आयात मुक्त केली. मोझांबिकची किंवा म्यानमारची तूर आली तरी लातूरची मिल फिरतेच. भाव पडतो तो रेणापूर-निलंग्याच्या शेतकऱ्याचा. मालक स्थानिक असला तरी त्याचे हित आणि गावाचे हित दर वेळी एकाच दावणीला नसते, हे ‘स्थानिक’चा जयजयकार करणारे सोयीस्करपणे विसरतात.

मग मालकीला महत्त्व नाही का? आहे, आणि ते अडचणीच्या वर्षी कळते. नांदेडची उस्मानशाही मिल निजामाच्या काळातली. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि शेवटी बंद पडली. गिरणीचे भवितव्य दिल्लीत ठरणार होते. तिथे नांदेडच्या कामगाराच्या घरभाड्याचा विचार कोण करणार? गावात राहणारा मालकही गिरणी बंद करतो, पण त्याला उद्या त्याच रस्त्याने जायचे असते. ती लाज हेसुद्धा एक भांडवलच आहे, असे माझे मत.

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांना जोडणारे सर्वांत बोलके उदाहरण तिरंग्याचे आहे. निजामी राजवटीत जो झेंडा फडकवला म्हणून माणसे तुरुंगात गेली, त्याचे खादी कापड आज लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणले जाते, प्रक्रियेसाठी अहमदाबादला जाते आणि नांदेडला येऊन शिवले जाते. काम मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे, प्रेरणा हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची. अधिकृत खादी ध्वज बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत ती आहे. 30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावरच्या, पॉलिस्टरच्या झेंड्याला मुभा मिळाली. पुढच्याच ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ आले, आणि टपाल कार्यालयांत 25 रुपयांना झेंडा मिळू लागला. हातमागाचा विणकर त्या किमतीला कधीच पोचणार नाही. घराघरांत झेंडा पोचला याचा आनंद मलाही आहे. घरावर 25 रुपयांचा झेंडा लावणाऱ्या माणसाला दोष देऊन उपयोग काय? जिल्हा परिषदा, तहसील, शाळा, महाविद्यालये, बँका यांना तर दरवर्षी झेंडा लागतोच. त्यांच्या खरेदी समितीने उदगीरच्या कापडाचा आग्रह धरला, तर तिथले माग चालू राहतील.

म्हणजे स्थानिक धंद्याला तारणारे मोठे गिऱ्हाईक मोबाइलवरचे आवाहन वाचणारी गृहिणी नव्हे. ते सरकारी कार्यालयांत, वसतिगृहांत आणि देवस्थानांत बसलेले आहे. लातूरच्या शिक्षणाने हजारो मुले शहरात आणली. त्यांच्या खोल्यांचे भाडे आणि मेसचे पैसे घरोघरी पोचतात. बाहेरगावच्या पालकांचा पैसा असा सरळ गावात मुरतो, याइतकी चांगली स्थानिक अर्थव्यवस्था दुसरी नाही. त्या मेसमधली डाळ कुठली, तेल कुठले, एवढे विचारले तरी पुढचे पाऊल पडेल.

आणि माल घेऊन पैसे वेळेवर देणे, ही सगळ्यांत दुर्लक्षित बाजू. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे 45 दिवसांत द्यावे लागते. आयकर कायद्यातल्या नव्या तरतुदीने हे देणे थकवणाऱ्या खासगी कंपन्यांना आयकरात चटका बसू लागला. सरकारी कार्यालय आयकरच भरत नाही, त्यामुळे ते निवांत. मार्चअखेरपर्यंत बिल अडकले की लघुउद्योजक व्याजाने पैसे उचलतो, आणि त्याचा नफा तिथेच संपतो. आपण ग्राहकही फार वेगळे नाही. मोबाइलवरून मागवलेल्या वस्तूचे पैसे आधी मोजतो, गल्लीतल्या दुकानदाराला मात्र ‘वहीत लिहा’ म्हणतो. स्थानिक धंद्याला मदत करायची असेल, तर या महिन्यात वहीतली उधारी चुकवा. कार्यालयात खरेदीची फाइल तुमच्या टेबलावर असेल, तर तिच्यावर सही करा.