क्षमा आणि नोंदवही

दिवाळीत जुने हिशेब मिटवतात. अमेरिकेतील बेसबॉलच्या २०१० सालच्या हंगामातला एक हिशेब मात्र माझ्या मनात अजून मिटलेला नाही. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज सान फ्रान्सिस्कोने जिंकली, ते असो. मला आठवतो तो २ जूनचा डेट्रॉइटमधला सामना.

आर्मांडो गालारागाने क्लीव्हलंडचे सव्वीस फलंदाज ओळीने बाद केले होते. सत्ताविसावा गेला, की परिपूर्ण सामना! शतकाहून अधिक काळात असे अवघे वीस झालेले. विसावा तर चारच दिवसांपूर्वी रॉय हॅलडेचा. चेंडू घेऊन गालारागा फलंदाजाआधी तळावर पोहोचला, आणि पंच जिम जॉइस यांनी फलंदाज नाबाद ठरवला. गालारागा नुसता हसला व पुढच्याला चेंडू टाकू लागला.

सामन्यानंतर चित्रफीत पाहून जॉइस यांनी चूक कबूल केली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी घेऊन गालारागाच त्यांच्यापुढे आला, तेव्हा पंचांचे डोळे भरून आले. आयुक्त बड सेलिग यांनी मात्र निर्णय बदलला नाही.

त्या हसण्यापुढे विक्रमाची काय मातब्बरी, असे मीही पूर्वी म्हणत असे. आता म्हणवत नाही. आपले काय गेले होते? क्षमा त्याने केली. तिच्या आडोशाने चूक तशीच ठेवली ती इतरांनी. २०१४ पासून अशा निर्णयावर चित्रफीत पाहून दाद मागता येते, पण मागची नोंद तशीच आहे.

त्या दिवशी अठ्ठाविसावाही बादच झाला होता.