दुर्योधनाची बाजू

खलनायकाच्या तोंडून महाकाव्य पुन्हा सांगावें कीं नाहीं, हा प्रश्न निघाला म्हणजे दोन पक्ष ताबडतोब उभे राहतात. एकास यांत धर्माचा उपमर्द दिसतो, दुसऱ्यास दीर्घकालीन अन्यायाचें परिमार्जन. दोघेही मूळ ग्रंथ न उघडतांच बोलत असावेत, अशी आमची शंका आहे.

शल्यपर्व पाहावें. मांड्या मोडून धुळींत पडलेला दुर्योधन कृष्णाला त्याच्या कपटांची यादी ऐकवितो: भीष्मांपुढें उभा केलेला शिखंडी, अश्वत्थाम्याच्या मृत्यूची ती अर्धी थाप, रथाचें चाक रुतलेला कर्ण. कृष्णही आपली यादी मांडतो. तींत भीमावरील विषप्रयोग आहे, लाक्षागृह आहे, सभेंतील द्रौपदी आहे. दुर्योधन यांतील कांहीं नाकारीत नाहीं. आपण अध्ययन केलें, दानें दिलीं, पृथ्वीचें राज्य केलें. आपल्याहून चांगला शेवट कोणाचा, एवढेंच तो विचारतो. आणि आकाशांतून पुष्पवृष्टि होते! पांडव लाजतात. ही फुलें कोणा आधुनिक बंडखोरानें उधळलेलीं नाहींत.

भासाच्या नांवावर असलेलें 'ऊरुभंग' याच वाटेनें जातें. त्यांत लहानगा दुर्जय नेहमींप्रमाणें बापाच्या मांडीवर बसूं पाहतो आणि बापाला त्यास अडवावें लागतें. मग मरतां मरतां तो मुलाला पांडवांची सेवा करण्यास सांगतो. खलाची कणव यावी म्हणून सज्जनांस काळें फासण्याची गरज या नाटककारास पडली नाहीं.

बंगालींत १८६१ सालीं मायकेल मधुसूदन दत्तांनीं 'मेघनादवध' रचलें तेव्हां मात्र ती पडली. वाल्मीकीचा लक्ष्मण इंद्रजिताचा यज्ञ मोडतो खरा, पण त्याला मारतो तो उघड्या रणांत, घनघोर युद्धानंतर. दत्तांच्या काव्यांत तो पूजेस बसलेल्या निःशस्त्र इंद्रजितास मंदिरांत शिरून मारतो. काव्य थोर आहे, याविषयीं आम्हांस तिळमात्र संशय नाहीं. परंतु बाजू बदलण्यासाठीं घडलेली गोष्टच बदलावी लागली, हें आमच्या मनांत सलतें. वकिलानें युक्तिवाद करावा. पुरावा बदलूं नये.

तरीही आमची खरी अडचण निराळी आहे. दुर्योधनाची यादी खरी, कृष्णाचीही खरी. पण स्वतःस आधीं हरलेल्या युधिष्ठिराला आपणांस पणास लावण्याचा अधिकार होता काय, हा द्रौपदीचा प्रश्न सभेंत भीष्मांनाही सोडवितां आला नाहीं. कृष्णाच्या यादींत द्रौपदी शत्रूचा अपराध म्हणून येते. तिचा प्रश्न येत नाहीं, कारण तो धर्मराजासही लागतो. मग कथा कोणीही सांगितली तरी तिला काय लाभ?

हें आम्हांस पोथींतून कळलें असें नव्हे. आमच्या घरीं जमिनीच्या वाटणीवरून भाऊबंदकी झाली. चुलतबंधूंच्या लबाडीची कथा आम्हीं तीस वर्षें सांगितली, आणि ऐकणारांनीं माना डोलावल्या. ते वारल्यावर त्यांची एक वही आमच्या हातीं आली. तींत तीच कथा होती. मात्र लबाड आम्ही होतों. आम्ही रागानें वाचूं लागलों. विहिरीच्या पाण्याविषयीं त्यांनीं जें लिहिलें होतें तें खरें होतें, आणि तें खरें आहे हें आम्हांस तेव्हांही ठाऊक होतें.

एक गोष्ट मात्र त्या वहींत शोधूनही सांपडली नाहीं. लहानपणींच विधवा झालेल्या आमच्या आत्याबाई माजघरामागच्या खोलींत राहत. वाटणीच्या वर्षीं त्या दूरच्या नातलगांकडे गेल्या त्या परत आल्याच नाहींत. आमच्या कथेंत त्या कधींच नव्हत्या. बंधूंच्या वहींतही नाहींत. ती खोली कोणाच्या वांट्याला गेली, तेवढें दोन्हीकडे नोंदलेलें आहे.