स्फटिकाची लाली

भ्रमाचा विषय निघाला की आपल्याकडे अंधारातील दोरी पुढे केली जाते, आणि दिवा आणताच साप नाहीसा होतो हा फैसलाही तिच्यासोबत गृहीत धरला जातो. परंतु दिवा आणूनही जे भ्रम जात नाहीत, त्यांच्या विचारास हा दृष्टान्त अपुरा पडतो.

इ. स. २००० मध्ये लाडन शम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, एकदाच चमकणाऱ्या प्रकाशाबरोबर लागोपाठ दोन नाद ऐकविले असता पाहणाऱ्यास प्रकाश बहुधा दोनदा दिसतो, आणि वस्तुस्थिती ठाऊक असली तरीही दिसतो. नाद दोन, त्या अर्थी तेजही दोन, असे अनुमान बुद्धीचा हुकूम न घेताच उरकले जाते. पुढे २०१५ मध्ये चेचेरे, रीस व रोमेई यांनी मस्तकाच्या मागील बाजूस, कवटीस कोणताही छेद न देता, अतिसौम्य प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह सोडला. दृष्टिकेंद्रात सेकंदास सुमारे दहा वेळा उठणाऱ्या आल्फा लयीहून तो किंचित मंद ठेवला असता दोन नादांत जितके अंतर असेतोवर भ्रम होतो ती मुदत लांबली, किंचित द्रुत केला असता आखडली. नंतरच्या सर्वच प्रयोगांनी या लयीच्या कामगिरीस दुजोरा दिलेला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

मीमांसक प्रभाकराच्या मते भ्रम म्हणजे प्रत्यक्ष आणि स्मृती यांच्यातील भेदाचे अग्रहण. परंतु ही दुसरी चमक आठवलेली नसून दिसलेली आहे, म्हणून मला अद्वैत्यांचा सोपाधिक, म्हणजे शेजारच्या वस्तूमुळे, उपाधीमुळे, होणारा भ्रमच येथे समर्पक वाटतो. जास्वंदीशेजारचा स्फटिक शुभ्र आहे हे पुरते कळल्यावरही, फूल तेथे असेतोवर, तो तांबडाच दिसतो. प्रयोगातील उपाधी मात्र निव्वळ बाहेरची नाही. तिचा अंश द्रष्ट्याच्या देहात आहे, आणि ज्या व्यापारामुळे तो फसतो त्याच व्यापारामुळे एरवी त्याला यथार्थ दिसते. मग ज्ञान काय करते? जीवन्मुक्तास जग दिसतच राहते, केवळ त्याचे सत्यत्व बाधित झालेले असते, हे बाधितानुवृत्तीचे उत्तर मला आता पूर्वीपेक्षा अधिक गंभीरपणे घ्यावेसे वाटते.

तरी एक अडचण उरते. चमक एकच होती हे प्रयोगातील माणसास डोळ्यांनी कधीच कळत नाही. संशोधकाच्या शब्दावर त्याने ते कबूल केलेले असते, जसे साधकाने श्रुतीच्या शब्दावर. त्या संशोधकाच्या शब्दामागे यंत्राची नोंद उभी आहे, कोणीही तपासावी अशी. श्रुतीकडे तसा दाखला मागणे अद्वैतास संमत नाही, आणि प्रत्यक्षाविरुद्ध आगमाचा अंमल चालू नये हा मध्वमताचा आग्रह मला नेमका याच ठिकाणी बलवान वाटतो.