कर्तेपण आणि पाण्याचा पंप

यंत्रातील एका भागाला दुसऱ्या भागाच्या सक्तीतून मोकळे केले, तर त्याच्या कामाचे कर्तेपण कोणाकडे जाते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. परंतु भारतीय परंपरेने साधनांकडे ज्या दृष्टीने पाहिले आहे ती लक्षात घेतली, तर तो धर्मचिंतनाचाही ठरतो. रायपूरच्या ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीतील कंकाली मठाचे दार वर्षातून एकदाच, विजयादशमीला उघडते आणि तेथे जपलेल्या शस्त्रांची पूजा होते. मराठी घरांत खंडेनवमीला आणि दसऱ्याला हत्यारे, अवजारे व वाहने यांना झेंडूची फुले वाहिली जातात, त्यामागेही साधन ही निव्वळ जड वस्तू नसून कर्मातील भागीदार आहे, हाच भाव आहे.

हा भाव विचाराच्या पातळीवर गीतेच्या अठराव्या अध्यायात मांडलेला आढळतो. तेथे प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे निरनिराळ्या क्रिया, आणि दैव म्हणजे माणसाच्या हाती नसलेला भाग. हे पाचही विसरून जो केवळ स्वतःला कर्ता समजतो, त्याची दृष्टी अपुरी मानली आहे. टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर त्याचा हिंदी अनुवाद रायपूरला कर्मभूमी केलेल्या माधवराव सप्रे यांनी केला, त्यामुळे कर्मयोगाची ही चर्चा हिंदी वाचकांपर्यंत एका मराठी माणसाच्या हातून पोहोचली.

वेगवान मोटारीच्या इंजिनावर विजेचा पाण्याचा पंप बसवणे हे या पाच कारणांच्या कसोटीवर घासून पाहावे असे उदाहरण आहे. इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवणारा नेहमीचा पंप क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली गतीला फिरत्या गतीत बदलणाऱ्या दांड्यावर, पट्ट्याने बांधलेला असतो, त्यामुळे पाण्याचा प्रवाह इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरतो. उष्णता मात्र जळलेल्या इंधनावर ठरते, आणि ही दोन मापे नेहमी जुळत नाहीत. अशा पंपाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फेरे दुप्पट झाले की ती सुमारे आठपट होते. त्यामुळे शर्यतीच्या वेगात पंप गरजेहून अधिक शक्ती खातो, आणि पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होऊन त्याची पाती झिजण्याचा धोकाही असतो. उलट, जोरात पळवलेली गाडी रायपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात सिग्नलला थांबली की प्रवाह मंदावतो, आणि इंजिन बंद केले की तो पूर्ण थांबतो, जरी तापलेल्या सिलिंडर हेडमधील उष्णता तेव्हा पाण्यात उतरतच असते. विजेचा पंप तापमान पाहून चालतो आणि इंजिन बंद झाल्यावरही काही मिनिटे पाणी फिरवत राहू शकतो.

येथे पंप स्वतंत्र झाला असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते अर्धेच खरे आहे. वीज बॅटरीतून येते, बॅटरी अल्टरनेटर भरतो आणि अल्टरनेटर पुन्हा त्याच क्रँकशाफ्टच्या पट्ट्यावर फिरतो. अवलंबन नष्ट झालेले नसून त्यात साठा आणि निर्णय यांची भर पडली आहे. हा निर्णयच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पट्टा कोणताही विचार न करता जे कर्तव्य बजावत होता, ते आता तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर, पंपाचा वेग ठरवणाऱ्या नियंत्रकावर आणि त्यांची जोडणी करणाऱ्या माणसावर आले आहे. पंप पट्ट्याच्या सक्तीतून सुटला तो कोणाच्या तरी जागरूकतेच्या भरवशावर, आणि ज्याला ती जागरूकता पेलायची नाही त्याने जुना पंप काढू नये, हे या चर्चेतून निघणारे मत ठामपणे मांडणे भाग आहे.

बीएमडब्ल्यूने २००४ मध्ये आणलेल्या एन५२ इंजिनात किंवा २००९ च्या टोयोटा प्रियसमध्ये विजेचा पंप कारखान्यातूनच आला, तेव्हा हा निर्णय अभियंत्यांनी आधीच विचारपूर्वक यंत्रात बसवला होता. जुन्या इंजिनावर तो मागाहून बसवताना मात्र ही जबाबदारी मालक आणि मेकॅनिक यांची होते. जुन्या पंपाचा पट्टा तुटला तर बहुधा त्याच पट्ट्यावरचा अल्टरनेटरही थांबतो आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागतो. विजेच्या पंपाचा फ्यूज गेला तर असा इशारा आपोआप मिळत नाही, तो वेगळा बसवावा लागतो. पाणी ज्या जागी थांबले आहे तेथील सेन्सर तर खरे तापमान दाखवीलच असेही नाही. अशा प्रसंगी इंजिनाचे हेड वाकले, तर त्याला दैव म्हणण्याची सवय आहे. पण बारीक वायर, चुकीच्या क्षमतेचा रिले आणि न बसवलेला इशारा ही करण आणि चेष्टा यांतील उणीव आहे, आणि रस्त्यावरचा दगड उडून रेडिएटर फुटणे एवढेच काय ते दैवाच्या खात्यात टाकता येते.