ध्यासाच्या अगोदर

दरवर्षी दहावीच्या निरोप समारंभात मी एकच भाषण करीत आलो आहे. ‘मुलांनो, आयुष्यात एखाद्या गोष्टीचा ध्यास घ्या. ध्यासावाचून कोणी मोठे झालेले नाही.’ मुले टाळ्या वाजवतात, पालक माना डोलावतात आणि मी समाधानाने खाली बसतो. गेल्या मे महिन्यात इंदूरच्या पोलोग्राउंडमध्ये माझ्याच एका विद्यार्थ्याने हे भाषण मला परत केले.

पोलोग्राउंड म्हटले की घोडे आणि हिरवळ डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ती औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये हा विद्यार्थी लेथवर काम करतो. पंचवीस वर्षांपूर्वी मी त्याचा वर्गशिक्षक होतो. शाळेची प्रार्थना तोच सांगायचा; गळा सुरेल होता. घरी पाठच्या दोन बहिणी आणि बेभरवशाची शेती. वडील सल्ला विचारायला आले तेव्हा मी म्हणालो, ‘गाण्यावर पोट भरत नाही. आयटीआयला घाला.’ त्यानंतर महिनाभरातच मी ध्यासाचे भाषण केले!

एका लग्नासाठी इंदूरला गेलो होतो, म्हणून त्याला भेटायला गेलो. पाया पडला, चहा मागवला. बोलता बोलता मध्येच थांबला, मान वळवून पलीकडच्या मशीनवरच्या पोराला हिंदीत ओरडला, ‘टूल की धार गई है, बदल!’ त्याने तिकडे पाहिलेही नव्हते. नुसता आवाज ऐकला होता. मग मला म्हणाला, ‘सर, रागावू नका. मुलगा दहावीला आहे. शाळेत सगळे सांगतात, ध्यास घे. तो मला विचारतो, बाबा, माझा ध्यास कोणता? आणि तुमचा कोणता होता? काय सांगू? ज्याला ध्यास घेता आला नाही, त्याचं जगणं फुकट गेलं का?’

मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी देवासला गेलो. इंदूरहून चाळीसेक किलोमीटर. देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे ‘भानुकुल’ हे घर आहे. आपल्या सीमाभागाला कुमारांचा अभिमान असतोच. 1924 साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे त्यांचा जन्म झाला, मूळ नाव शिवपुत्र कोमकली. घरची भाषा कानडी, शिक्षण मुंबईत देवधरांकडे, आणि संसार हिंदी मुलखात. ध्यासाचे उदाहरण म्हणून मी वर्गात नेहमी त्यांचेच नाव घेतो. पण सांगताना एक गोष्ट मी घाईने उरकत आलो, हे त्या दिवशी लक्षात आले.

कुमार 1948 मध्ये देवासला आले ते क्षयाने आजारी होऊन. डॉक्टरांनी गाणे बंद केले. ज्याने लहानपणीच मैफली जिंकल्या होत्या, त्या तरुणाने जवळजवळ पाच वर्षे अंथरुणावर काढली. या काळात त्यांनी काय केले? ऐकले. माळव्यातल्या बायाबापड्यांची, येणाऱ्याजाणाऱ्यांची गाणी ऐकली आणि त्यांवर विचार केला. पुढे स्ट्रेप्टोमायसिनने गुण आला आणि 1953 मध्ये ते पुन्हा गायले. एक फुप्फुस निकामी झाले होते, पण लोकधुनांतून त्यांना नवे राग सापडले होते.

आपल्या परंपरेत तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: श्रवण, मनन आणि निदिध्यास. म्हणजे ध्यास तिसऱ्या पायरीवर येतो. आम्ही शिक्षक मात्र सोळा वर्षांच्या पोराला पहिल्या दोन पायऱ्या न दाखवताच तिसरीवर उडी मार म्हणतो, आणि जमले नाही की त्याला वाटते, आपल्यातच काही कमी आहे. ध्यास ही हरवलेली वस्तू नव्हे, की शोधली आणि सापडली. पुष्कळ काळ नीट ऐकत राहिल्यावर तो अंगी मुरतो. माझ्या विद्यार्थ्याचा कान मशीनचा आवाज ऐकून धार ओळखतो. तो कान प्रार्थनेच्या वेळचाच आहे.

पण एवढ्यावर माझी सुटका होत नाही. लेथवर कान लागला म्हणून गाणे गेल्याची भरपाई होत नाही. पोटाची काळजी खरी होती. तरीही ‘शिकता शिकता गातही राहा’ एवढे म्हणायला मला काय लागले असते?

आणि दुसरी गोष्ट. त्या पाच वर्षांत कुमारांची शुश्रूषा पत्नी भानुमतींनी केली. 1961 मध्ये त्या गेल्या. एकाचा ध्यास उभा राहतो तो कुणाच्या तरी खांद्यावर. ‘भानुकुल’ या नावात ‘भानु’ आहे, म्हणून तो खांदा आपल्याला दिसतो. माझ्या विद्यार्थ्याने दोन बहिणींची लग्ने केली, धाकटीला नर्स केले. त्याच्या घरावर कोणाचीच पाटी नाही. तरी ते जगणे फुकट गेले असे म्हणण्याची माझी छाती नाही.

परत आल्यावर त्याला फोन केला. म्हटले, ‘मुलाला सांग, ध्यास शोधत बसू नकोस. कुठलीही एक गोष्ट कान देऊन ऐक, वर्षभर सोडू नकोस. आणि तुझा ध्यास कोणता होता, तेही त्याला खरे सांग. मी काय सल्ला दिला होता, तेसुद्धा.’

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सांगतो, सर.’

यंदाच्या निरोप समारंभाचे भाषण मी नव्याने लिहिणार आहे.